मुलांची भाषा सजावटीला नको, कामाला हवी

धारणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतून एका शिक्षिकेचं लांबलचक पत्र आलं. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत असा:

"ताई, सप्रेम नमस्कार. मी लातूरकडची. मेळघाटात येऊन हे तिसरं वर्ष. पहिली ते चौथी मिळून पट 34, सगळी मुलं कोरकू आदिवासी. गेल्या वर्षीची पहिली वर्षभर माझ्याशी बोललीच नाही, आणि यंदाची नऊ मुलंही तशीच बसतात. सहकारी सर खूप ज्येष्ठ आहेत. वर्गात कोणी कोरकू बोललं की त्याला उभं करतात. म्हणतात, 'ही सवय मोडल्याशिवाय यांना मराठी येणार नाही.' मी थोडे कोरकू शब्द शिकायला लागले, तर पालकसभेत एक आजोबा म्हणाले, 'कोरकू पोराला घरी येतेच मॅडम. तुम्ही मराठी शिकवा, जमलं तर इंग्रजी.' 9 ऑगस्टला मी उत्साहाने आदिवासी दिन केला. मुलांना पानांचे घागरे घातले, गालांवर पांढरे पट्टे ओढले. दुसऱ्या दिवशी गावातला एक पदवीधर तरुण येऊन म्हणाला, 'मॅडम, आमचे आजे असे कधीच राहत नव्हते.' तेव्हापासून कशातच मन लागत नाही. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने यात पडावं का? की पुस्तक पूर्ण करावं, चाचण्या घ्याव्यात आणि बदलीचा अर्ज भरून मोकळं व्हावं?"

प्रिय बाई,

तुमच्या पत्रात मुलांबद्दल भरपूर लिहिलंय आणि त्या तरुणाबद्दल दोनच ओळी आहेत. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते. तुम्हाला त्याच जास्त टोचल्यात असं दिसतं, आणि त्या टोचायलाच हव्या होत्या.

कोरकू पुरुष धोतर नेसत आलेत, डोक्याला फेटा बांधत आलेत. बायका लुगडं नेसतात. पानांचे घागरे आणि गालावरचे पट्टे कोरकूंच्या घरात कधी नव्हते. ते आले सिनेमातून आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांतून. मेळघाटातल्या पोरांना त्या वेशात उभं केलं की आपण त्यांना सांगतो, तुम्ही कोण आहात ते आम्हाला सिनेमाने कळवलंय. त्या तरुणाला हेच झोंबलं. पण तो शाळेत आला, तुमच्याशी बोलला. शाळेवरची आशा सुटलेला माणूस असा येऊन सांगत नाही, तो घरीच बसतो.

त्याच्या घरी जा. सरांना किंवा केंद्रप्रमुखांना बरोबर नेऊ नका. 'चुकलं' एवढंच म्हणा. 'माझा हेतू तसा नव्हता' हे वाक्य गिळून टाका, कारण ते ऐकलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. मग त्याला विचारा, पुढच्या वर्षी 9 ऑगस्टला काय व्हावं आणि काय होऊ नये. 1982 साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी लोकांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. पुढे 1994 मध्ये आमसभेने तो दिवस जाहीर केला. म्हणजे मुळात हा हक्कांचा दिवस आहे, वेशभूषा स्पर्धेचा नाही. त्या दिवशी गावातलं कोणी येऊन कोरकूतून मुलांशी बोललं, पाड्याची जुनी हकिगत सांगितली, तर पुरे आहे. नाच हवाच असेल तर कोणता नाच आणि कोणतं गाणं, हे गावाला ठरवू द्या. काही गाणी होळीची असतात, काही फक्त गेलेल्या माणसाच्या विधीत म्हणायची. माइकवर काय चालतं आणि काय चालत नाही, हे आपल्याला बाहेरून कळणार नाही. त्यासाठी विचारावंच लागतं.

आता त्या नऊ गप्प मुलांकडे येते. इथे मला माझी एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मीही कोरकू मुलांच्या एका शाळेत होते. पहिलीत एक मुलगा होता. सात महिने त्याने तोंड उघडलं नाही. हजेरीत नाव आलं की नुसता हात वर करायचा. मी त्याच्या नावापुढे शेरा लिहिला: 'बोलत नाही. अप्रगत.' एका दुपारी खिचडीची भांडी घासायला मावशी नाल्यावर गेल्या होत्या. मी सहज त्यांच्यामागे गेले, तर हा तिथे. गुडघाभर पाण्यात उभा, एका हातात खेकडा, आणि काठावरच्या धाकट्या बहिणीशी अखंड बडबड चाललेली. खेकडा उलटा करून तो तिला पोटावरची झाकणी बोटाने उचलून दाखवत होता. मला एकच शब्द कळला, 'डा', म्हणजे पाणी. बाकीचं मावशींनी सांगितलं. 'तो म्हणतोय, हिच्या पोटाखाली पिल्लं आहेत, ही सोडून द्यायची. आणि दगड उचलला की होता तसाच ठेवायचा, ओली बाजू खाली. नाहीतर खालचं सगळं मरतं.'

मावशींना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या भांडी घासत राहिल्या. मी वर आले आणि तो शेरा काढायला गेले, पण तो शाईने लिहिलेला होता. मी त्यावर रेघ मारली, तरी खालचं वाचता येत होतं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. नंतर कळलं, नव्या गुरुजींनी तो शेरा वाचूनच त्याला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. निरीक्षण करणारं, कारण सांगणारं, लहान बहिणीला शिकवणारं ते मूल होतं, आणि माझ्या अक्षरातला एक शब्द त्याच्या पाठीला चिकटून पुढच्या वर्गात गेला. आज इतक्या वर्षांनीही हजेरीपत्रक दिसलं की मला तो ओला दगड आठवतो.

म्हणून आधी एवढं करा. त्या नऊ मुलांपैकी कोणाच्याही नावापुढे तसला शब्द लिहू नका, आणि कोणी लिहा म्हटलं तर 'मराठी अजून येत नाही, कोरकू चांगली येते' असं पूर्ण वाक्य लिहा. खरी नोंद तीच आहे.

सरांचं म्हणणं आहे की कोरकू बोलण्याची सवय मोडायला हवी. वयाने मोठ्या माणसाशी भांडून काही हाती लागत नाही, पण कोरकू ही काय चीज आहे हे त्यांना माहीत असायला हवं. कोरकू ही बिघडलेली मराठी नाही, हिंदीचीही बोली नाही. मराठीशी तिचं रक्ताचं नातंच नाही. संताळी, मुंडारी आणि हो या भाषांच्या कुळातली ती. त्या सगळ्या झारखंड-ओडिशाकडे नांदतात आणि ही एकटी सातपुड्यात, कुळातली सगळ्यात पश्चिमेची. वाघाला कोरकूत कुला म्हणतात, संताळीत कुल. खाण्याला दोन्हीकडे जोम. 2011 च्या जनगणनेत सुमारे 7 लाख 27 हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा नोंदवली. संताळीला 2003 च्या 92व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकूला अजून नाही. युनेस्कोने तिची नोंद धोक्याच्या वाटेवरच्या भाषांत केली आहे. म्हणजे तुमच्या वर्गात कोरकू बोलणारं मूल उभं राहतं तेव्हा ते शिक्षा भोगत असतं एका अशा भाषेसाठी, जी टिकवायला माणसं कमीच पडतायत.

शिक्षेचा मुद्दा मात्र चर्चेचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. घरची भाषा बोलला म्हणून वर्गासमोर उभं करणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. हे सरांना चारचौघांत ऐकवू नका. मधल्या सुट्टीत चहा घेताना सांगा, आणि एकदाच सांगा. मग त्यांना एक काम सुचवा: तिसरी-चौथीच्या एका मुलाला कोरकूत गोष्ट सांगू द्यायची आणि तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी मराठीत लिहायला लावायची. सरांना मराठी हवी आहे ना? मग ती अशी येते. सांगण्यासारखं काही मनात असेल तर मूल शब्द शोधतं.

वर्गात नेमकं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या ओळीओळीत तोच प्रश्न आहे. माझ्या मते आपल्याकडे आदिवासी मुलांची भाषा शाळेत आली तरी भिंतीवर येते. तक्त्यावर चार शब्द, दारावर एक चित्र, स्नेहसंमेलनात एक नाच. अभ्यास मात्र पूर्ण मराठीत. भाषा सजावटीला आणि मेहनत सगळी परक्या भाषेत! याच्या उलट करायला हवं. भिंत कोरी राहिली तरी चालेल, मुलाचं डोकं चालायला लागेल तिथे कोरकू हवी: गोष्ट समजून घेताना, मोजताना, कारण सांगताना, भांडताना, प्रश्न विचारताना.

पहिलीचं वाचन घ्या. 'अ अननसाचा' म्हणताना त्या मुलासमोर एकदम तीन अनोळखी गोष्टी येतात: अक्षर अनोळखी, शब्द अनोळखी आणि फळही कधी न पाहिलेलं. त्याऐवजी त्यांच्या तोंडातले चार शब्द घ्या: डा (पाणी), उरा (घर), कुला (वाघ), जोम (खाणं). ड, उ, र, क, ल, ज, म एवढी अक्षरं, एक काना, एक उकार आणि एक ओकार. जोडाक्षर एकही नाही. पहिल्या आठवड्यात मूल स्वतःच्या घरातले चार शब्द वाचतं आणि वाचलेल्याचा अर्थ त्याला कोणी सांगावा लागत नाही. मग त्याच अक्षरांतून मका, मोर, काम, काल, रोज अशी मराठी उभी करा. लिपी एकच असल्यामुळे हे फुकटात साधतं. कोरकूतले काही उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत आणि गावागावाला थोडे बदलतातही. तेव्हा कसं लिहायचं हे गावातल्या शिकलेल्या तरुणांबरोबर बसून ठरवा. तुमच्याकडे आलेला तो पदवीधर यासाठी अगदी योग्य माणूस आहे.

दुसरं, प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत म्हणायची सवय लावून घेऊ नका. सगळे चांगले शिक्षक सुरुवातीला हेच करतात. मीही केलं. मुलं चार दिवसांत हुशार होतात: मराठी वाक्य आलं की कान बंद, कोरकू आलं की उघडे. कोरकूची वेळ पूर्ण कोरकूची ठेवा आणि मराठीची पूर्ण मराठीची. मराठीच्या वेळात वस्तू हातात हव्यात आणि अंग हलायला हवं. 'दगड उचल, दगड ठेव, दोन दगड मला दे.' बसून ऐकायची मराठी सहा वर्षांच्या मुलाला येत नाही, करायची मराठी येते. पहिले काही महिने त्यांनी मराठीत उत्तर दिलंच पाहिजे असा आग्रह नको. आधी कळतं, मग बोलता येतं. आपली स्वतःची लेकरंही वर्षभर ऐकूनच बोलायला लागली होती.

कोरकूच्या वेळात बोलणार कोण? तुम्ही नाही. चौथीतली चुणचुणीत मुलगी पटकन सापडेल, पण तिला दिवसभराची दुभाषी करू नका, तिलाही तिचा अभ्यास आहे. अंगणवाडीच्या सेविका, खिचडीच्या मावशी, गावातली बारावी झालेली एखादी मुलगी, एखादी आजी यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास मागा. आजीला हार घालून खुर्चीवर बसवू नका, मुलांत खाली बसू द्या. खुर्चीवर बसलेली आजी भाषण करते, खाली बसलेली गोष्ट सांगते. आणि तिची गोष्ट वहीत उतरवाल तेव्हा तिचं नाव लिहायला विसरू नका. केंद्रस्तरावर तो उपक्रम दाखवायची वेळ आली तर तिला विचारून दाखवा. ती गोष्ट तुमची नाही.

गणितात त्यांच्याकडे मिया, बारीपासून गेल म्हणजे दहापर्यंतचे आकडे तयार आहेत. त्यांच्यावरच बेरीज-वजाबाकी होऊ द्या. मराठीचे एकवीस ते नव्याण्णव आपल्या मुलांनाही छळतात. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. जोडाक्षरांच्या संख्यानामांवर मूल अडखळतं, हाच त्यामागचा विचार होता. तुमच्या मुलांसाठी ती पायरी सोन्यासारखी आहे, जरूर वापरा. आणि मोह फुलतो त्या दिवसांत मुलं पहाटे मोहफुलं वेचायला जाणारच. त्यांना म्हणा, ओल्या मोहाचं वजन लिहा, वाळल्यावर पुन्हा करा. वजन किती घटलं, बाजारात भाव कोणत्या मोहाला, वाळवायला किती दिवस लागले, हे सगळं चौथीचं गणित आहे आणि मुलांनी ते आधीच अंगणात पसरून ठेवलेलं असतं.

एक गोष्ट मला विशेष आवडते, ती तुम्हाला देते. इंग्रजीत आणि हिंदीत 'आपण' आणि 'आम्ही' यांना वेगळे शब्द नाहीत. मराठीत आहेत, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. कोरकूत चार आहेत. आलिंग म्हणजे मी आणि तो, तू सोडून दोघं. आलांग म्हणजे तू आणि मी. आले म्हणजे आम्ही सगळे, तुला वगळून. आबुंग म्हणजे आपण सगळे, तुझ्यासकट. सहा वर्षांचं पोर हे चार शब्द न चुकता वापरतं. एका तासाला मुलांना विचारा, 'आले शाळेत जातो' यातल्या 'आले'चं मराठी काय आणि 'आबुंग शाळेत जातो' यातल्या 'आबुंग'चं काय. त्यांना 'आम्ही' आणि 'आपण' मधला फरक शिकवावा लागणार नाही, ती तुम्हालाच समजावतील. मग परभाषेच्या तासाला तीच मुलं जरा ताठ बसतात. हे मी पाहिलंय.

तुमचा मोठा प्रश्न, 'मी बाहेरची, मी यात पडावं का', याचंही उत्तर मला याच शब्दांत दिसतं. आज गाव तुमच्यासमोर बोलताना 'आले' म्हणतं. ते बरोबरच आहे. तुम्ही तिसऱ्या वर्षात आहात, दर सुट्टीला लातूरला जाता, उद्या बदली झाली तर जाल. 'आबुंग' मागून मिळत नाही आणि ते मिळेपर्यंत काम थांबवायचीही गरज नाही. ताराबाई मोडक मुंबईच्या, अनुताई वाघ पुण्याकडच्या. 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं. बालवाडीत आदिवासी मुलं येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, पाड्यावर जाऊन अंगणातच बालवाडी भरवली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, आणि तिचं नाव कुरणशाळा. त्या बाहेरच्याच होत्या, पण आपली घंटा आणि आपली वेळ धरून बसल्या नाहीत. तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

पण बाहेरच्यांनी कायम पुढे राहायचंही नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदेकाठी काढलेल्या जीवनशाळांत 1990 च्या दशकात गावातलेच तरुण गुरुजी झाले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. ओडिशाने 2007 च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि ती भाषा बोलणारे शिक्षक त्यासाठी घेतले. एकट्या शिक्षिकेच्या जिवावर भाषा शाळेत टिकत नाही, हे या सगळ्यांना उमगलं होतं. तुमच्या गावातली कोणती मुलगी उद्या डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) करू शकेल, याकडे आत्तापासून लक्ष ठेवा. तिचा अर्ज भरायला मदत करणं हा मला कोणत्याही उपक्रमापेक्षा मोठा उपक्रम वाटतो.

आजोबांचं म्हणणं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते बरोबर आहे. मुलाला मराठी यायला हवी, इंग्रजीही यायला हवी. तहसीलमध्ये, दवाखान्यात, बाजारात कोरकू माणसाला मराठी-हिंदी न आल्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली आहे. त्यांना 'आपली संस्कृती जपा' असं सांगायला जाऊ नका. ते ती जपतच आहेत, आपल्या सल्ल्याची वाट पाहत बसलेले नाहीत. त्यांना एवढंच दाखवा की कोरकूतून सुरुवात केली की मराठी लवकर आणि पक्की येते. बोलून पटणार नाही, दिसलं तर पटेल. दोन महिन्यांनी पालकसभेत एका मुलाला आधी कोरकूत गोष्ट सांगायला लावा आणि मग तीच मराठीत. आजोबांना पहिल्या रांगेत बसवा आणि मधे काही बोलू नका.

शाळा व्यवस्थापन समितीचाही उपयोग करून घ्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. आपण तिला सह्यांपुरतं बोलावतो. पुढची बैठक कोरकूत घ्या, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, इतिवृत्त मागाहून मराठीत करता येतं. आयांना बोलताना ऐकाल तेव्हा कळेल की एरवी त्या गप्प का असतात. त्यांची मुलं गप्प राहतात त्याच कारणाने.

वरून विचारणा झाली तर घाबरू नका. घटनेचं कलम 350अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं, आणि ते 1956 पासून आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. ही तीन वाक्यं एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. विस्तार अधिकारी आले की त्यांचं तिकडे आपोआप लक्ष जाईल. तुम्ही परवानगी मागत नाही आहात, सांगितलेलं काम करत आहात.

घाई एका कारणासाठी करा. दिवाळी झाली की तुमच्या पटातली काही घरं कामासाठी खाली सपाटीला उतरतील आणि होळीला परत येतील. मुलं बरोबर जातील. त्याआधी हंगामी वसतिगृहाची मागणी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी द्या, आणि कोणत्या घरातून कोण जाणार, मागे आजी राहणार का, हे घरोघर विचारून ठेवा. जी मुलं जातीलच त्यांच्याबरोबर त्यांचीच चार शब्दांची, चार गोष्टींची हाताने शिवलेली वही द्या. परत आल्यावर त्यांना 'शाळाबाह्य' म्हणू नका. ती कुठे होती, कोणतं पीक कापलं, तिथली माणसं कोणती भाषा बोलत होती, हे वर्गाला सांगू द्या.

बदलीचं म्हणाल तर हक्काची वेळ येईल तेव्हा मागा, त्यात अपराधीपण वाटायचं कारण नाही. कुटुंबापासून लांब राहणं किती कठीण आहे हे मी भोगलंय. पण आत्ता, मन खट्टू झालंय म्हणून अर्ज भरू नका. जाल तेव्हा पुढच्या शिक्षकासाठी एक वही ठेवून जा. कोणतं मूल कोणत्या घरातलं, कोणाला काय छान येतं, गावात गोष्ट कोण सांगतं, कोणते शब्द कसे लिहायचे ठरले, कोणती गाणी शाळेत म्हणायची नाहीत, एवढं त्यात असू द्या. मी माझ्या त्या शाळेत असं काहीच ठेवलं नव्हतं. ठेवला तो फक्त एक शेरा.

त्या तरुणाकडे या शनिवारी सकाळची शाळा सुटली की जा. बाजाराचा दिवस असेल तर रविवारी, नाहीतर घरी कोणी भेटायचं नाही. कोरी वही आणि पेन्सिल बरोबर असू द्या. 'उरा' कसं लिहायचं, हा पहिला प्रश्न त्यालाच विचारा आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या.

तुमची
ताई